तीन चाकं आणि मेंढ्यांचं फाटक

माझ्या जिभेला गाव घाबरायचं आणि मला वाटायचं, गाव मला मान देतं. हा गैरसमज एकाहत्तर वर्षं टिकला. शाळेत मी छत्तीस वर्षं व्यायाम शिकवला, त्यामुळे अर्धं गाव मला अजून मास्तर म्हणतं. उरलेलं अर्धं, ज्याला मी दोरावर चढायला लावलं होतं, ते मला काय म्हणतं हे कुणी मला सांगत नाही. माझं खरं नाव रूल्फ.

दर शनिवारी सकाळी दहाला आम्ही सहा जण चर्चसमोरून सायकली काढायचो. नऊ किलोमीटरवर समुद्राचा बांध. तो ओलांडून पलीकडच्या बाकावर बसायचं, थर्मासमधली कॉफी घ्यायची, बरोबर एकेक बिस्किट, आणि परत. आमच्या भागात देवाने डोंगर दिले नाहीत, त्याची भरपाई त्याने वाऱ्याने केली आहे, आणि तो वारा जातानाही समोरून येतो, येतानाही. या फेरीला नियम एकच होता आणि तो मी केला होता. मोटार चालणार नाही. वारा ज्याच्या त्याच्या पायांनी कापायचा.

बांधावर मेंढ्या चरतात, म्हणून पायथ्याशी स्प्रिंगचं लोखंडी फाटक आहे. ते आपल्याकडे ओढायचं आणि धरून ठेवायचं, सोडलं की आपटतं. ते नेहमी मी धरायचो. परोपकार म्हणून नव्हे. फाटक धरणारा सगळ्यांच्या आधी पोचलेला असतो, आणि बाकीचे धापा टाकत आत जाताना त्याला एकेकाचं तोंड नीट बघता येतं.

नऊ वर्षांपूर्वी एका शनिवारी हार्म नवी सायकल घेऊन आला. हार्म म्हणजे पलीकडच्या गोठ्याचा मालक, साठ गायींचा, शाळेत माझ्याच बाकावर बसलेला. सायकलच्या कॅरिअरखाली काळी बॅटरी होती.

"हे काय रे?" मी म्हणालो. "दूध काढायचं मशीन लावलंस काय सायकलला?"

सगळे हसले.

"रूल्फ, जरा ऐक," हार्म हळूच म्हणाला. "बांधावर गेल्यावर सांगतो."

"बांधावर? तू तर आमच्या आधी पोचून झोपलेला असशील! हे बघ हार्म, हा सायकलवाल्यांचा रस्ता आहे. मोटारवाल्यांचा पलीकडे आहे."

सगळे परत हसले, हार्म सोडून. त्याने सायकल वळवली आणि घरी गेला. मला वाटलं, पुढच्या शनिवारी येईल. तो आला नाही, आणि मी बोलवायला गेलो नाही.

आमच्याकडे भेटताना "मोई" म्हणतात आणि निघतानाही "मोई"च. ओळखीच्याला म्हणतात, अनोळख्याला म्हणतात, कुंपणाकडेच्या घोड्यालासुद्धा म्हणतात. हार्म आणि मी नऊ वर्षं एकमेकांना म्हटलं नाही.

मधल्या काळात, चार वर्षांपूर्वी, तो तीनचाकीवर दिसू लागला. पुढे एक चाक, मागे दोन, पाठीला टेकायची खुर्चीसारखी सीट आणि बॅटरी. त्याला काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायचं तर आधी मोई म्हणावं लागलं असतं. दर शनिवारी बरोबर आठला तो आमच्या खिडकीखालून बांधाच्या दिशेने जाई, आणि सव्वानऊला परत येई. मी न्याहारी करता करता घड्याळ बघत असे. बांध ओलांडून, कॉफी पिऊन येणारा माणूस साडेदहाच्या आत परतत नाही.

"अर्ध्यातून वळतो बघ," मी बायकोला, यान्तिनाला सांगायचो. "दम माणसाला नाही आणि बॅटरीलाही नाही."

"पाव खा," यान्तिना म्हणायची.

गेल्या ऑक्टोबरात न्याहारीलाच चमचा माझ्या हातातून तीनदा पडला. मी चमच्याला शिव्या दिल्या. चौथ्यांदा मीच पडलो. डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. दोन महिने दवाखान्यात आणि मग व्यायामाच्या केंद्रात काढले, तिथे माझ्या नातीच्या वयाची एक मुलगी मला चेंडू पकडायला शिकवत होती. हात बराचसा परत आला. डावा पाय अर्धा आला. तोल गेला तो गेलाच. जीभ मात्र शाबूत राहिली. यान्तिनाचं म्हणणं, डॉक्टरांनी नको तो भाग वाचवला.

हिवाळाभर मी वॉकर आणि खिडकी यांच्या मध्ये राहिलो. यान्तिनाला बटाटे कसे सोलावेत हे सांगायचो. ती पंचेचाळीस वर्षं सोलत होती. मार्चमध्ये एका शनिवारी खिडकीखालून आमच्या फेरीतला वुबो आणि बाकीचे तिघे गेले, ताठ बसून, गप्पा मारत, हसत. झाडं आडवी होत होती इतका समोरून वारा होता. त्या वाऱ्यात हसणारा माणूस म्हणजे बॅटरीच.

वुबो भेटायला आला तेव्हा मी विचारलं. तो बुटाकडे बघू लागला.

"कधी घेतल्या?"

"नोव्हेंबरात."

"मी दवाखान्यात असताना?"

"अरे, दुकानात सवलत होती चार एकदम घेतल्या तर." मग त्याच्याच्याने राहवलं नाही. "खरं सांगू का? मॉडेल आम्ही पाच वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. पण तुला सांगणार कोण?"

म्हणजे माझे मित्र पाच वर्षं दुखऱ्या गुडघ्यांनी वारा कापत होते, माझ्या तोंडाच्या भीतीने. मी त्याला कणखरपणा समजत होतो.

एप्रिलमध्ये माझी तीनचाकी आली. नगरपालिकेने मंजूर केलेली, सायीच्या रंगाची. मी काळी मागितली होती. ती घेऊन आलेल्या सल्लागार बाईंचं नाव अनौक. वय तिशीचं, पण धीर नव्वदीचा.

"तीन आठवडे वापरून बघा, मास्तर," त्या म्हणाल्या. "मग मी येईन. गावाला एक फेरी, दोन पूल, चर्चपाशी वळण. नीट जमलं तर सायकल तुमची."

"आणि नाही जमलं तर?"

"तर परत न्यावी लागेल. वाट बघणारे खूप आहेत."

म्हणजे मग वॉकर, खिडकी आणि बटाटे. यान्तिनाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्यापेक्षा जास्त तिचंच काही पणाला लागलं होतं.

"बाई," मी हसलो, "मी सायकलवरच जन्मलो आहे."

शेजारीपाजारी दारात आले होते. मी बसलो, पायडल मारलं, मोटारीने मागून अलगद ढकललं, आणि कबूल करायला लाज वाटते, पण काय सुख वाटलं म्हणून सांगू! मग पहिलं वळण आलं. दोनचाकी वळवायची तर अंग आतल्या बाजूला झुकवायचं असतं. आम्ही हे बोलायच्या आधी शिकतो, आणि शिकलोय हे विसरूनही जातो. मी झुकलो. जन्मभराच्या आत्मविश्वासाने झुकलो. तीनचाकीला झुकण्याशी काही देणंघेणं नसतं, तिचं हँडल फिरवावं लागतं. ती सरळ गेली. सरळ समोर रस्त्याकडेचा पाण्याचा चर होता.

चर फार खोल नव्हता, कमरेएवढा. वर हिरवं शेवाळ होतं, ते माझ्या डोक्यावर आलं. एका जुन्या विद्यार्थ्याने ट्रॅक्टर आणला आणि दोरी टाकली. "मास्तर, गुडघे वाकवा! गुडघे! मान वर!" तो ओरडत होता. तो दोरावर चढताना मी त्याच्यावर असाच ओरडायचो, शब्दसुद्धा तेच. त्याचा चेहरा इतका आनंदी मी शाळेत कधी पाहिला नव्हता.

अनौक बाईंनी माझ्या कानातलं शेवाळ काढलं. "हे नेहमी होतं," त्या म्हणाल्या. "ज्यांना सायकल कधीच येत नव्हती ते पाच मिनिटांत शिकतात. उत्तम येणारेच चरात जातात."

"म्हणजे मी सर्वोत्तम."

"बरेच खोल गेलात खरे."

पुढच्या आठवड्यात मी शेजाऱ्याच्या कुंपणात दोनदा गेलो आणि टपालपेटीवर एकदा. डोक्याला सगळं कळत होतं, पण वळण आलं की अंग आपणहून झुके. वुबोला विचारलं तर त्याने हात वर केले.

"मला दोन चाकांचं ठाऊक. तीन चाकांचं गावात एकालाच येतं."

"कुणाला?"

"उगाच वेड पांघरू नकोस, रूल्फ."

हार्मचा गोठा आमच्या घरापासून चारशे मीटरवर आहे. वॉकर ढकलत मला चाळीस मिनिटं लागली. प्रत्येक दिव्याच्या खांबापाशी थांबून मी सराव केला. पहिल्या खांबाला मोई जरा करडं झालं, दुसऱ्याला लाचार, तिसऱ्याला घसा बसल्यासारखं. गोठ्यापाशी पोचलो तर हार्मचा कुत्रा शेपूट हलवत आला आणि माझ्या तोंडून तयार शब्द निसटला.

"मोई."

"कुत्र्याला म्हणालास की मला?" आतून आवाज आला. हार्म दाराआड स्टुलावर बसून बादली धूत होता.

"आधी कुत्र्याला," मी म्हणालो. "आता तुला."

तो बराच वेळ बादली धूत राहिला. इतकी स्वच्छ बादली मी पाहिली नाही. मग म्हणाला, "चरात गेलास म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही सांगितलं ते विचार. बस. सायकल आण उद्या. आणि यान्तिनालाही आण, दोरी बांधायला."

मला वाटलं थट्टा करतोय. पण दुसऱ्या दिवशी त्याने खरोखरच वासरांना बांधायची दोरी काढली. माझी पाठ सीटला टेकवून, छातीभोवती दोन वेढे देऊन यान्तिनाने मला घट्ट आवळलं, गरजेपेक्षा एक गाठ जास्तच मारली.

"आता झुकून दाखव," हार्म म्हणाला.

झुकता येईना. गोठ्याच्या अंगणात बादल्या मांडल्या होत्या. वळण आलं की अंग धडपडायचं, दोरी आवळायची, आणि मग दुसरा उपायच नसल्यामुळे हात हँडल फिरवायचे. हार्म त्याच्या तीनचाकीवर बसून मधोमध थांबला होता.

"हात, मास्तर, हात! अंगाला सुट्टी दे! तू वासरापेक्षा जड जातोयस!"

"वासरालाही सायकल शिकवलीस काय?"

"त्याला एकदा सांगितलं की कळतं."

दहा दिवस रोज दुपारी मला दोरीने बांधलं जात होतं आणि आम्ही कामाशिवाय काही बोलत नव्हतो. अकराव्या दिवशी दोरी न बांधता मी सगळ्या बादल्यांना वळसा घातला. दोघं सावलीत थांबलो. तो आपल्या पायांकडे बघत म्हणाला, "पाठीचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून हे दोन्ही बधिर. पण ते नंतरचं. आधी छातीचं होतं."

"छातीचं कधी?"

"ती नवी सायकल घेतली त्याच सालचं. डॉक्टर म्हणाला, जोर लावायचा नाही. मोटार लाव, नाहीतर सायकल सोड. घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तुला आधी सांगणार होतो. म्हणून बांधावर म्हटलं."

मला माफी मागायची होती. मी म्हणालो, "उद्या किती वाजता?" आणि घरी जाऊन यान्तिनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे मला कशाला सांगतोस? त्याला सांग." तिचं बरोबर होतं. मी भित्रा आहे. अठरा किलोमीटर वाऱ्यात जायची हिंमत वेगळी आणि ही वेगळी.

परीक्षेच्या दिवशी अनौक बाई स्वतःच्या सायकलवर माझ्या मागून आल्या. दोन पूल झाले, चर्चपाशी मी ताठ बसून हँडल फिरवलं आणि तीनचाकी आज्ञाधारकपणे वळली. चरापाशी तीन माणसं मोबाइल घेऊन उभी होती. त्यांची निराशा मला आजही पुरते. "सायकल तुमची," बाई म्हणाल्या. यान्तिनाने त्यांना कॉफीबरोबर दोन बिस्किटं दिली. आमच्या घरात हे पूर्वी कधी घडलेलं नाही.

शनिवारी आठला मी हार्मच्या दारात होतो. वॉकर घरी ठेवला होता आणि वाकड्या मुठीची काठी मागच्या टोपलीत घातली होती. वारा अर्थात समोरून होता. मी मोटारीचा जोर एक घर वाढवला, मग आणखी एक. वारा होता तेवढाच होता, पण त्याच्याशी माझं भांडण राहिलं नाही. इतकी वर्षं मी हे सुख गावाला नाकारलं होतं आणि त्याचा नियम केला होता.

बांध दिसू लागला. कोकरं ओरडत होती. फाटकापाशी हार्म थांबला. त्याने बांधाच्या माथ्याकडे एकदा पाहिलं, श्वास घेतला आणि हँडल फिरवून सायकल परत वळवू लागला.

"अरे, कुठे?"

"घरी. इथून वळतो मी."

"का? वर नाही जायचं?"

"फाटक ओढून धरावं लागतं ना. उतरायचं, ते धरून उभं राहायचं, आणि सायकलही आत घ्यायची. मला एकट्याला नाही जमत."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

"कुणाला तरी सांगायचं! वुबो आणि मंडळी दहाला निघतात, त्यांच्याबरोबर..."

तो आठला का निघत होता हे मला तेव्हा समजलं. दहाला मी असायचो.

सव्वानऊ. दर शनिवारचे सव्वानऊ. खिडकीत घड्याळ बघून मी हसत होतो, आणि हा माणूस नऊ किलोमीटर येऊन, फाटकातून बांधाचा उतार बघून परत जात होता. एक माणूस फाटक धरायला हवा होता, बस्स. चाळीस वर्षं ते मीच धरत आलो होतो.

"हार्म," मी म्हणालो. "मी फार वाईट वागलो तुझ्याशी. त्या दिवशी, आणि नंतरची नऊ वर्षं. मला लाज वाटते रे. मी तुला..."

"रूल्फ."

"थांब, बोलू दे मला एकदा."

"बोल, पण मग बोल," हार्म म्हणाला. "आधी दार धर."

मी ब्रेक लावून कुलपासारखा अडकवला, काठीची मूठ फाटकाच्या गजात घातली आणि ओढलं. पहिल्यांदा काठी निसटली. दुसऱ्यांदा फाटक वीतभर आलं आणि आपटलं. मेंढ्या जमा झाल्या. तिसऱ्यांदा मी उजवा हात, छाती आणि नऊ वर्षांची लाज असं सगळं लावलं आणि ते उघडलं. "जा! जा लवकर!" हार्म आत गेला. मग मी काठी फाटकावरून त्याच्या हातात दिली. त्याने आतून ते माझ्याकडे ढकलून धरलं आणि मी त्याच्या कोपराला हँडल लागता लागता वाचवलं. हार्मच्या शिव्या मी नऊ वर्षांनी ऐकत होतो. फार बरं वाटलं.

मोटारींनी आम्हाला गुरगुरत चढावर नेलं. माथ्यावर पोचून समोर पाहिलं.

समुद्र नव्हता. क्षितिजापर्यंत करडा चिखल पसरला होता आणि त्यात पक्षी चोची खुपसत होते. ओहोटी! दर शनिवारी भरतीचं कोष्टक मी पाठ म्हणून दाखवायचो, न विचारता. नेमका आज बघायचा विसरलो होतो.

"हार्म, मी... समुद्र थोड्या वेळाने येईल."

"येऊ दे की," हार्म म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते पुसले नाहीत. "चिखलही चार वर्षांत पाहिला नव्हता."

बाकाशेजारी सायकली उभ्या करून आम्ही आपापल्या सीटवरच बसून राहिलो. कॉफी घेतली. एकेक बिस्किट खाल्लं. मग मी डबा परत त्याच्यापुढे धरला. त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि दुसरंही घेतलं. माझं राहिलेलं बोलणं मी तेव्हा बोललो, सगळं, खिडकीसकट आणि बॅटरीच्या दमासकट. तो ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "सव्वानऊ नव्हे, नऊ वीस. तुमचं घड्याळ मागे आहे."

साडेदहाच्या सुमाराला खालून आवाज आले. वुबो आणि तिघं, चार नव्या सायकली, चार बॅटऱ्या, चौघांच्याही कपाळावर घामाचा थेंब नाही. फाटक धरायला मी नव्हतो, त्यामुळे कुणी धरायचं यावर त्यांची हुज्जत चालली होती. वुबोने वर पाहिलं आणि बांधाच्या माथ्यावर दोन तीनचाक्या बघून त्याचं तोंड उघडं राहिलं.

हार्मने कॉफीचा कप खाली ठेवला, दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि सगळा बांध ऐकेल असा ओरडला, "ए, हा सायकलवाल्यांचा रस्ता आहे! मोटारवाल्यांचा पलीकडे!"

सगळे हसले. मीही हसलो, पण सगळ्यांत शेवटी.